राजीनाम्याची चिकित्सक आवृत्ती

नोकरी बदलावी की आहे त्याच मालकाकडे राहावे, या प्रश्नाचा शास्त्रीय विचार करणारे लोक नोकरदारांचे दोन वर्ग कल्पितात : जाणारे आणि राहणारे. हे वर्गीकरण सोयीचे असले तरी अपुरे आहे, कारण त्यात तिसऱ्या आणि संख्येने बहुधा सर्वांत मोठ्या वर्गाला जागाच नाही. या वर्गातील मनुष्याला जायचे नसते आणि राहण्यातही त्याला फारसे स्वारस्य नसते. आपण जाण्याची गोष्ट काढावी, ती ऐकून वरिष्ठांचा चेहरा उतरावा, आणि ‘तुम्ही गेलात तर हा विभाग चालायचा कसा?’ असा प्रश्न किमान एकदा, शक्य तर चारचौघांत, विचारला जावा, एवढीच त्याची माफक अपेक्षा असते. प्रस्तुत लेखक या तिसऱ्या वर्गाचा जुना सभासद असून हिंजवडीतील एका कंपनीत, जिचे नाव येथे देण्याचे कारण नाही, तो मधल्या फळीतल्या हुद्द्यावर काम करतो आणि दर वर्षी एप्रिलमध्ये, म्हणजे पगारवाढीची पत्रे हाती पडतात त्या सुमारास, ती सोडण्याचा गंभीर विचार करतो.

या विचाराची परिभाषा प्रथम स्पष्ट केलेली बरी. राजीनामा देण्याच्या क्रियेला या क्षेत्रात ‘पेपर टाकणे’ म्हणतात. पेपर टाकल्यापासून प्रत्यक्ष सुटका होईपर्यंतचा काळ तो ‘नोटीस पीरियड’. तो सर्रास ९० दिवसांचा असतो आणि त्या काळात मनुष्याला बैठकांना कोणी बोलावत नाही, चहाला मात्र सर्व जण बोलावतात आणि नव्या ठिकाणी किती मिळणार हे आडून आडून विचारतात. ‘रिलीव्हिंग लेटर’ म्हणजे जुन्या मालकाने दिलेला सुटकेचा दाखला, ज्यावाचून नवा मालक दारात उभे करत नाही. आणि ‘काउंटर ऑफर’ म्हणजे निघालेल्या माणसाला थांबवण्यासाठी जुन्या मालकाने देऊ केलेली वाढ, जी त्याला आदल्या महिन्यातही देता आली असती, परंतु तेव्हा तो निघालेला नव्हता.

या शेवटच्या संज्ञेतच तिसऱ्या वर्गाचे सारे मानसशास्त्र साठवलेले आहे. लेखकाने नोकरीच्या संकेतस्थळावरील आपली माहिती दर वसंतात अद्ययावत करावी, त्यावरून फोन यावेत, मुलाखती व्हाव्यात, एखादे ऑफर लेटर पदरात पडावे आणि ते खणात पडून राहावे, हा क्रम आता इतका ठरून गेला आहे की त्याला निर्णयप्रक्रिया म्हणण्यापेक्षा व्रत म्हणणे अधिक योग्य होईल. ज्याला आपला फ्लॅट विकायचा नाही असा गृहस्थ दर दिवाळीला एजंटाला भाव विचारतो आणि तो ऐकून आठवडाभर खुशीत राहतो, त्यातलाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की फ्लॅटचा भाव वाढला तर त्याचे श्रेय कोथरूडला जाते, आणि पगाराचा आकडा वाढून आला तर ते श्रेय लेखक स्वतःकडे ठेवतो.

तथापि हे सर्व केवळ अहंकारापोटी घडते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या मुळाशी एक खरीखुरी चीड आहे. जो नवा मनुष्य गेल्या पावसाळ्यात रुजू झाला, ज्याला लेखकाने जुनी प्रणाली समजावून सांगितली, कोणत्या फाइलला हात लावू नये हे शिकवले आणि कँटीनमध्ये पोहे कोणत्या वेळी गरम असतात हेही सांगितले, त्याचा पगार लेखकापेक्षा जास्त आहे, हे कळायला कोणत्याही गोपनीय कागदाची गरज लागत नाही. त्याच्या गाडीकडे पाहून ते कळते. बाहेरून येणाऱ्याला बाजारभावाने घ्यावे लागते आणि आत असलेल्याला टक्केवारीने वाढवले जाते, आणि टक्केवारी ही नेहमी जुन्या आकड्यावर काढली जाते, या साध्या अंकगणितामुळे एकाच मालकाकडे राहणाऱ्या मनुष्याला त्याच्या राहण्याचा दंड दर महिन्याच्या अखेरीस, कर कापून झाल्यावर, आणखी एकदा भरावा लागतो. यावर मनुष्यबळ विभागाचे म्हणणे असे की वेतनाची तुलना करणे कंपनीच्या मूल्यांना धरून नाही.

पिंपरी-चिंचवडच्या मागच्या पिढीपुढे हा प्रश्न अशा रीतीने उभा राहिला नव्हता. त्या पिढीत कारखान्याचे नाव आडनावाच्या अलीकडे लागत असे आणि ‘टेल्कोतले कुलकर्णी’ व ‘बँकेतले कुलकर्णी’ हे दोन पूर्णतः भिन्न कुलवृत्तान्त समजले जात. कंपनीचे नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झाले तरी निवृत्त मंडळींच्या तोंडी अजून टेल्कोच आहे. लग्नाच्या बोलणीत ‘पर्मनंट आहे ना?’ एवढाच प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तर होकारार्थी आले की पुढे पत्रिका पाहण्याची औपचारिकता उरे. लेखकाच्या एका वडीलधाऱ्या नातलगांना तो ज्या कंपनीची ऑफर या वर्षी खणात घेऊन बसला आहे तिचे नाव सांगितले असता त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि ‘ती नक्की काय बनवते?’ अशी पृच्छा केली. ती ‘सोल्यूशन्स’ बनवते, या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. एखाद्या मनुष्याचे आपल्या मालकावरील प्रेम हे पुष्कळदा त्या मालकाचे नाव सासरी समजावून सांगावे लागत नाही, एवढ्यावरच उभे असते.

अल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ नावाचा छोटेखानी ग्रंथ लिहिला. संस्था ढासळू लागली की तिच्यातल्या मनुष्यापुढे दोन वाटा असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे, आणि निष्ठा असेल तर पहिली वाट लांबणीवर पडून दुसरीला वाव मिळतो, असे त्याचे स्थूल प्रतिपादन आहे. १९३३ मध्ये जर्मनीतून बाहेर पडावे लागलेल्या या ग्रंथकाराला निघून जाण्याविषयी लिहिण्याचा अधिकार होता, याबद्दल वाद नाही. परंतु याच ग्रंथात अशीही मांडणी आहे की गुणवत्तेविषयी ज्यांना सर्वाधिक आच असते तेच बहुधा सर्वांत आधी बाहेर पडतात, आणि मग ज्यांच्या आवाजाचा उपयोग झाला असता ते आवाज उठवायला आत उरत नाहीत. हा विचार वाचल्यापासून प्रस्तुत लेखकाला आपल्या मजल्यावरील रिकाम्या खुर्च्या निराळ्याच दिसू लागल्या, आणि भरलेल्या खुर्च्यांकडे पाहणे त्याने टाळले.

येथे थोडे विषयांतर होणार आहे. ते आवश्यक नाही; परंतु लेखकाला ते प्रिय आहे, आणि नोकरी बदलण्याविषयीचा जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध सल्ला ज्या पत्रात दिला गेला, त्या पत्राची हकिकत सांगितल्यावाचून पुढे जाणे त्याच्या जिवावर येते. जोसेफ प्रीस्टली हा इंग्लंडमधील लीड्स गावच्या मिल हिल चॅपलमध्ये धर्मोपदेशक होता आणि फावल्या वेळात रसायनशास्त्र करीत असे. सोडावॉटर कसे तयार करावे यावरची त्याची पुस्तिका १७७२ मध्येच प्रसिद्ध झाली होती. त्याला वर्षाला १०० गिनी आणि राहायला घर मिळे. लॉर्ड शेलबर्न या उमरावाने त्याला २५० पौंडांवर आपल्याकडे बोलावले. काम असे की ग्रंथसंग्रह सांभाळायचा, मुलांच्या शिक्षणावर देखरेख करायची आणि उमरावांशी विद्वत्तेच्या गोष्टी करायच्या. दुपटीहून अधिक वाढ असूनही प्रीस्टलीचे मन होईना, म्हणून त्याने मित्राचा, म्हणजे बेंजामिन फ्रँकलिनचा, सल्ला मागितला.

फ्रँकलिनने १९ सप्टेंबर १७७२ रोजी लंडनहून उत्तर लिहिले आणि त्यात जावे की राहावे याविषयी एक अक्षर लिहिले नाही. पुरेशी माहिती नसल्याने काय ठरवावे हे सांगता येत नाही, मात्र कसे ठरवावे हे सांगता येईल, अशी भूमिका घेऊन त्याने कागदाच्या मधोमध रेघ ओढण्याची ती सुप्रसिद्ध रीत सांगितली : एका बाजूस अनुकूल मुद्दे, दुसऱ्या बाजूस प्रतिकूल, तीन-चार दिवस सुचेल तसे लिहीत जावे, मग प्रत्येकाचे वजन अजमावावे, दोन्हीकडचे समान वजनाचे मुद्दे खोडावेत, एकीकडचा एक दुसरीकडच्या दोहोंच्या तोडीचा असेल तर तिन्ही खोडावेत, आणि शेवटी जे उरेल त्यावर निर्णय घ्यावा. या रीतीला तो नैतिक किंवा व्यवहारी बीजगणित म्हणत असे. आजही व्यवस्थापनाच्या वर्गांत ती शिकवली जाते, परंतु सल्लागाराची स्वतःची कारकीर्द तेथे सहसा सांगितली जात नाही. फ्रँकलिन बाराव्या वर्षी बोस्टनमध्ये आपल्या थोरल्या भावाच्या छापखान्यात करारबद्ध उमेदवार म्हणून लागला होता आणि वयाच्या सतराव्या वर्षी, १७२३ मध्ये, करार मोडून पळाला. त्यापूर्वीच भावाने गावातल्या इतर छापखानेवाल्यांना सांगून त्याला कोठे काम मिळणार नाही अशी तजवीज करून ठेवली होती, तेव्हा त्याने न्यूयॉर्कमार्गे फिलाडेल्फिया गाठले. म्हणजे बीजगणिताच्या या जनकाने आपली पहिली नोकरी नोटीस पीरियड न भरता, रिलीव्हिंग लेटर न घेता आणि कागदावर कोणतीही रेघ न ओढता सोडलेली होती.

प्रीस्टली गेला. १७७३ मध्ये तो शेलबर्नच्या पदरी रुजू झाला आणि १ ऑगस्ट १७७४ रोजी, मालकाच्या बोवुड येथील वाड्यात, भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचे तांबडे भस्म तापवले असता त्यातून निघालेल्या वायूत मेणबत्ती विलक्षण तेजाने जळते, असे त्याला आढळले. तो वायू म्हणजे ऑक्सिजन. नोकरी बदलल्याने मनुष्याला मोकळा श्वास घेता येतो, असे जे म्हणतात त्याला याहून सज्जड आधार मिळणे कठीण. पुढे त्याच वर्षी तो मालकाबरोबर, मालकाच्या खर्चाने, युरोपच्या दौऱ्यावर गेला, ज्याला हिंजवडीत ‘ऑनसाइट’ म्हणतात, आणि पॅरिसमध्ये भोजनाच्या वेळी त्याने आपला शोध लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला सांगून टाकला. गोपनीयतेचा करार त्या काळी नव्हता, आणि लाव्हाझिएने त्या माहितीवरून जे रसायनशास्त्र उभारले त्यात प्रीस्टलीच्या आवडत्या सिद्धान्ताला जागा उरली नाही. हा सिद्धान्त फ्लॉजिस्टनचा : जळणाऱ्या पदार्थातून फ्लॉजिस्टन नावाचे एक तत्त्व बाहेर पडते, असे तो मानी. सारा युरोप तो सिद्धान्त सोडून निघून गेला तरी प्रीस्टली १८०४ मध्ये मरेपर्यंत त्याला धरून राहिला. लीड्स सोडणारा, शेलबर्नला सोडणारा, १७९१ मध्ये बर्मिंगहॅमच्या दंगलीत घर जाळले गेल्यावर अखेर देशही सोडणारा हा मनुष्य एका चुकीच्या कल्पनेशी जन्मभर एकनिष्ठ राहिला, ही गोष्ट लेखकाला कोणत्याही पगारवाढीपेक्षा अधिक विचार करायला लावते.

या हकिकतीचा हिशेबी शेवट असा की १७८० मध्ये त्याने शेलबर्नची नोकरी सोडली तेव्हा ठरल्याप्रमाणे त्याला वर्षाला १५० पौंडांचे आजन्म निवृत्तिवेतन चालू झाले. सात वर्षे राहून निघून गेलेल्या नोकराला! भारतात १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेनुसार किमान दहा वर्षांची सेवा लागते, आणि पेन्शन काढताना वेतन गुणिले सेवेची वर्षे भागिले ७० असे सूत्र लावतात, ज्यात वेतन म्हणून सर्वसाधारणपणे कमाल १५,००० रुपयेच धरले जातात. तीस वर्षे घासली तरी महिन्याकाठी सात हजारांच्या आतच काही तरी हाती येते. उमराव पाहून नोकरी धरावी हे खरे, परंतु ते अलीकडे भरती करीत नाहीत.

फ्रँकलिनच्या बीजगणिताचा प्रयोग प्रस्तुत लेखकाने अर्थातच स्वतःवर करून पाहिला. जाण्याच्या बाजूस नवा पगार, नवा हुद्दा आणि खराडीचे कार्यालय हे मुद्दे आले. राहण्याच्या बाजूस ग्रॅच्युइटी, खिडकीजवळची जागा, उपवासाच्या दिवशी कँटीनला मिळणारी साबुदाण्याची खिचडी आणि दुपारी एक वाजता ‘चला’ एवढाच एक शब्द उच्चारून जेवायला नेणारा सहकारी. वजने अजमावण्याची वेळ आली तेव्हा शास्त्र डळमळले. हुद्दा आणि खिडकी एकमेकांना खोडून टाकतात हे उघड होते. खराडीचे अंतर आणि हिंजवडीच्या चौकातली संध्याकाळ ही दोन्हीही एकमेकांना खोडत होती. परंतु तीस टक्के वाढीच्या समोर ‘चला’ हा शब्द ठेवल्यावर त्यातले काय खोडावे हे कळेना, आणि बराच वेळ गेल्यावर खिचडी खोडली गेली. हे सर्व मोठ्याने चालले असल्यामुळे लेखकाच्या पत्नीने स्वयंपाकघरातून, पोळी लाटता लाटता, आपला अभिप्राय कळवला : “तू नोकरी बदलू नकोस, निदान विषय तरी बदल.”

विल्यम सॅम्युएलसन आणि रिचर्ड झेकहाउसर यांनी १९८८ मध्ये माणसाच्या ‘जैसे थे’कडे असलेल्या ओढीवर जो निबंध लिहिला, त्यात हार्वर्ड विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचे उदाहरण आहे : आरोग्यविम्याच्या नव्या योजना आल्या तेव्हा नव्याने लागलेल्यांनी त्या अधिक प्रमाणात घेतल्या आणि जुने बहुतांशी आपल्या जुन्याच योजनेत राहिले. हार्वर्डमध्येही असेच चालते हे वाचून लेखकाला जो आनंद झाला, तो त्या निबंधाच्या कर्त्यांना बहुधा अभिप्रेत नसावा.

राहण्याचा कल इतका प्रबळ असताना राजीनाम्याचे लेखन मात्र अखंड चालू असते, आणि या वाङ्मयप्रकाराची उपेक्षा झाली आहे असे येथे नमूद केले पाहिजे. लेखकाच्या संगणकात राजीनाम्याचे अनेक पाठ असून त्यांचा तौलनिक अभ्यास उद्बोधक ठरतो. सर्वांत जुना पाठ संतप्त आहे. त्यात ‘सातत्याने डावलले गेल्यामुळे’ असे शब्द असून एका वरिष्ठाचा नामोल्लेखही आहे. मधल्या काळातील पाठांत संताप ओसरून अलंकार वाढलेले दिसतात आणि कंपनीला ‘माझे दुसरे घर’ म्हटलेले आढळते. अलीकडच्या पाठांत कारण मुळीच दिलेले नाही. ते वाचणाऱ्याने विचारावे, बसवून घ्यावे आणि पुन्हा विचारावे, अशी रचना केलेली आहे. एक ओळ मात्र सर्व पाठांत समान असून ती मूळ संहितेतील मानावी लागेल : ‘विभागाची गैरसोय होऊ नये म्हणून हस्तांतराचे सर्व काम पूर्ण करूनच जाईन.’ पुण्याच्याच भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पुरे केले. त्या मानाने हे काम फार रेंगाळले आहे असे म्हणता यायचे नाही, आणि पाठ ठरवायचा तर मनुष्याने निवृत्तीपर्यंत थांबायला हरकत नसावी.

या सर्व विवेचनात एक गृहीत धरलेले आहे, ते असे की राहणे किंवा जाणे हे राहणाऱ्याच्या किंवा जाणाऱ्याच्या हाती असते. लेखकाच्या कार्यालयाच्या फाटकावर लातूरकडचे एक काका पहारा करतात. ते तेथे लेखकाच्याही आधीपासून आहेत, परंतु कागदोपत्री त्यांनी या मजल्यावरील कोणत्याही अभियंत्यापेक्षा अधिक नोकऱ्या बदललेल्या आहेत, कारण सुरक्षेचे कंत्राट एका एजन्सीकडून दुसरीकडे जाते तेव्हा त्यांचा मालक बदलतो, गणवेशाचा रंग बदलतो आणि सेवेची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. ग्रॅच्युइटी, म्हणजे दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी नोकरीअखेरीस मिळणारी रक्कम, हिच्यासाठी १९७२ च्या कायद्याने एका मालकाकडे सलग पाच वर्षांची सेवा मागितली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही कायम नोकरांपुरती ती अट ठेवली आहे. काकांची पाच वर्षे एजन्सीच्या हिशेबात एकदाही भरलेली नाहीत. भविष्यनिर्वाह निधीचा न बदलणारा क्रमांक २०१४ पासून मिळू लागल्यामुळे ती रक्कम निदान त्यांच्यामागे फिरते. ज्या मनुष्याने खरोखर एकच जागा सोडली नाही त्याचा सेवापट धरसोड करणाऱ्या माणसाचा दिसावा, आणि ज्याच्या खणात दर वर्षी ऑफर लेटर पडते त्याने स्वतःला निष्ठावान म्हणवून घ्यावे, यात विनोद शोधणे प्रस्तुत लेखकाला अद्याप जमलेले नाही. गेल्या महिन्यात एजन्सी बदलली तेव्हा काकांनी नव्या निळ्या गणवेशात त्याला फाटकावर थांबवले. “साहेब, कार्ड दाखवा. नवीन लोकांचा नियम आहे.” लेखकाने कार्ड दाखवले, काकांनी ते नीट वाचले, आणि मग नेहमीप्रमाणे घरच्यांची चौकशी केली.

नव्या कंपनीने उत्तरासाठी दिलेली मुदत या शुक्रवारी संपत होती. योगायोगाने विभागप्रमुखांनी त्याच दिवशी दुपारी चार वाजता लेखकाला एकट्याला भेटीस बोलावले असून, निमंत्रणात विषय दिलेला नसल्यामुळे ऑफरची बातमी त्यांच्या कानावर गेली असणार, असे लेखकाने अनुमान काढले. मंगळवारपासून त्याने आरशासमोर तयारी चालवली : थांबण्याची विनंती झाल्यावर प्रथम आश्चर्य, मग किंचित खेद आणि शेवटी, फारच आग्रह झाला तर, विचार करण्यासाठी दोन दिवसांची मुदत मागणे. शुक्रवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. विभागप्रमुखांनी दार लावून घेतले, समोर एक नकाशा पसरला आणि तळघरातील दुचाकींच्या पार्किंगची फेरमांडणी करायची असून इमारतीतला सर्वांत जुना माणूस म्हणून त्याचे मत हवे आहे, असे सांगितले. लेखकाने बोलण्यापूर्वी घसा खाकरला आणि खांबाजवळची रांग तिरकी लावल्यास आणखी गाड्या मावतील, असे सुचवले. सूचना मान्य झाली, आणि ती अमलात आणण्याचे कामही त्याच्याकडेच देण्यात आले.